आरसी गाडीचे दिवे: वीज कुठून घ्यावी आणि किती अडवावी

छंद म्हणून चालवल्या जाणाऱ्या रिमोटच्या गाडीला, म्हणजेच आरसी गाडीला, कारखान्यातून येताना बहुधा दिवे नसतात. हेडलाइटच्या जागी एक चकचकीत स्टिकर चिकटवलेला असतो. दिवसा त्यामुळे काही अडत नाही. दिवेलागणीनंतर मात्र सांगलीत कृष्णेच्या घाटालगतच्या मोकळ्या जागेत किंवा हरिपूरकडच्या एखाद्या मुरमाड पट्टीवर गाडी पळवू लागले, की तीस-चाळीस मीटरवर गेलेल्या गाडीचे तोंड कुठे आणि पाठ कुठे हेच ओळखू येत नाही. गाडी आपल्यापासून दूर जात असताना रिमोटचे चाक उजवीकडे फिरवले तर ती आपल्या उजव्या हाताला वळते. तीच गाडी आपल्याकडे येत असताना चाक तसेच फिरवले तर ती आपल्या डाव्या हाताला वळते. म्हणून गाडीची दिशा कळणे ही चालवणाऱ्याची पहिली गरज असते, आणि पुढे पांढरा व मागे लाल असे दोन साधे दिवेसुद्धा ती गरज भागवतात. शोभेचा भाग त्यानंतरचा आहे, आणि तोही काही कमी आनंदाचा नाही.

बाजारात दिव्यांचे तयार संच मिळतात आणि जोडल्याबरोबर ते लागतातही. तरीही अनेकांचे दिवे महिन्याभरात जळतात, काहींचे अर्ध्या तासात मंद होतात, तर काहींची गाडी दिवे लावल्यापासून मधूनच झटके खाऊ लागते. या तक्रारींचा उगम दिव्यात क्वचितच असतो. गाडीतल्या कोणत्या ठिकाणाहून वीज घेतली आणि दिव्यापर्यंत पोहोचण्याआधी ती किती अडवली, या दोन प्रश्नांची उत्तरे चुकली की वरीलपैकी एखादी तक्रार उभी राहते. त्यामुळे पुढील विवेचनाचा बराचसा भाग याच दोन प्रश्नांवर खर्च केला आहे. उदाहरणादाखल एकास दहा प्रमाणाची, बॅटरीवर चालणारी गाडी डोळ्यांसमोर ठेवली आहे.

वीज घेण्याच्या जागा

अशा गाडीत बहुधा दोन सेलची लिपो, म्हणजे लिथियम पॉलिमर, बॅटरी असते. तिच्यावर 7.4 व्होल्ट असे छापलेले असले, तरी पूर्ण चार्ज झाल्यावर ती 8.4 व्होल्ट देते आणि गाडी चालत जाईल तसा हा दाब उतरत जातो. एका सेलमागे साधारण 3 ते 3.2 व्होल्ट उरले की गाडीने थांबावे अशी व्यवस्था केलेली असते. ही व्यवस्था ईएससीत, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणाऱ्या पेटीत असते. त्याच पेटीत बीईसी नावाचा आणखी एक छोटा विभाग असतो. बॅटरीचा चढ-उतार होत असला तरी बीईसी स्थिर 5 किंवा 6 व्होल्ट तयार करतो, आणि रिसिव्हर (रिमोटचा संदेश पकडणारी डबी) व चाके वळवणारी स्टिअरिंगची सर्व्हो मोटर त्यावरच चालतात. काही ईएससींमध्ये 7.4 व्होल्टचाही पर्याय असतो, त्यामुळे गृहीत न धरता मल्टिमीटरने मोजून घेणे बरे.

दिव्यांसाठी वीज घेण्याची सर्वांत सोयीची जागा म्हणजे रिसिव्हरचा रिकामा चॅनेल, म्हणजे काहीही न जोडलेली खाच. तेथे बीईसीची स्थिर वीज आयतीच मिळते आणि गाडीचे बटण बंद केले की दिवेही बंद होतात. एकेक दिवा 15 मिलिअँपिअर घेतो असे धरले, तर दहा दिव्यांना 150 मिलिअँपिअर लागतात. बीईसीची क्षमता बहुधा 2 ते 3 अँपिअर असते, म्हणून हा भार वरकरणी नगण्य वाटतो, आणि साध्या दिव्यांच्या बाबतीत तो खरोखरच नगण्य असतो. मात्र त्याच बीईसीवर सर्व्होही अवलंबून असते, हे विसरून चालत नाही. चाक दगडात अडकून सर्व्हो जोर लावू लागली की ती एकटीच एक-दोन अँपिअर, आणि ताकदवान असेल तर त्याहूनही अधिक, ओढते. अशा क्षणी टपावरच्या मोठ्या लाइटबारचाही, म्हणजे दिव्यांच्या आडव्या पट्टीचाही, भार असेल तर दाब क्षणभर खाली बसतो, रिसिव्हर बंद होऊन पुन्हा सुरू होतो आणि तेवढ्या वेळात गाडी कोणाचेच ऐकत नाही. दिवे लावल्यावर गाडी झटके का खाते, याचे उत्तर बहुतेक वेळा येथे सापडते.

स्वस्त ईएससींमध्ये बीईसी जुन्या, लिनिअर पद्धतीचा असतो. तो जास्तीचा दाब उष्णतेच्या रूपात जाळून टाकतो. तीन सेलची बॅटरी पूर्ण चार्ज असताना 12.6 व्होल्ट देते. त्यातून 6 व्होल्ट करायचे म्हणजे 6.6 व्होल्ट जाळणे आले, आणि दिव्यांचे 150 मिलिअँपिअर त्यातून गेले तर केवळ दिव्यांपायी सुमारे एक वॅट उष्णता त्या चिमुकल्या पेटीत वाढते. सांगलीच्या एप्रिल-मे महिन्यांत, जेव्हा हवाच चाळीस अंशांच्या घरात असते, तेव्हा ही वाढ उपेक्षणीय राहत नाही. स्विचिंग पद्धतीच्या बीईसीला हा त्रास फारसा होत नाही.

दुसरी जागा म्हणजे मुख्य बॅटरी. बॅटरी तीन सेलची आणि लाइटबार 12 व्होल्टचा असेल किंवा दिवे पुष्कळ असतील, तर थेट बॅटरीवरून वीज घेणे रास्त ठरते. पण त्यासोबत एक धोका येतो. ईएससीचे बटण बंद केल्याने बॅटरीवर थेट जोडलेले दिवे बंद होत नाहीत. 150 मिलिअँपिअर ओढणारे दिवे 3000 मिलिअँपिअर-तासांची भरलेली बॅटरी वीस तासांत पूर्ण रिकामी करतात. गाडी चालवून आधीच उतरलेली बॅटरी तर रात्रीतच संपते. लिपोचा सेल 3 व्होल्टच्या बराच खाली गेला की तो फुगतो व कायमचा निकामी होतो, आणि त्याला पुन्हा चार्ज करणे आगीला निमंत्रण देणारे ठरू शकते. म्हणून या मार्गात स्वतंत्र बटण हवेच, आणि खेळ संपल्यावर बॅटरीची पिन काढून ठेवण्याची सवयही हवी.

बॅटरीच्या बॅलन्स पिनमधून (चार्ज करताना प्रत्येक सेल वेगळा तपासण्यासाठी असलेल्या छोट्या जोडणीतून) एकाच सेलचे 3.7 व्होल्ट काढून त्यावर पांढरे दिवे लावण्याची एक युक्तीही सुचवली जाते. ती करू नये. एकच सेल जास्त उतरतो, दुसरा भरलेला राहतो, आणि एकूण दाब पाहणाऱ्या ईएससीला ही तफावत कळत नाही. तिसरा मार्ग म्हणजे दिव्यांसाठी वेगळी छोटी बॅटरी. तो सर्वांत निर्धोक आहे, पण आणखी एक वस्तू चार्ज करत बसण्याचा कंटाळा लवकरच येतो.

रंगागणिक दाब का बदलतो

या गाड्यांवर लावतात तो दिवा, म्हणजे एलईडी, हा गरम होऊन उजळणारा बल्ब नव्हे. तो अर्धवाहकाचा तुकडा असतो; त्यातून वीज जाताना इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून खालच्या पातळीवर उतरतात आणि मधला फरक प्रकाश म्हणून बाहेर पडतो. लाल प्रकाशाच्या कणाची ऊर्जा कमी असते, निळ्याची जास्त. त्यामुळे लाल एलईडीला साधारण 2 व्होल्ट पुरतात, पिवळट नारिंगीला त्याहून किंचित अधिक लागतात आणि निळ्याला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. पांढऱ्या एलईडीत मुळात निळाच तुकडा असतो व त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर असतो. दोन्ही प्रकाश मिसळून डोळ्याला पांढरे दिसते. म्हणून पांढऱ्यालाही निळ्याइतकाच दाब लागतो. निक होलोनियाक यांनी 1962 साली डोळ्यांना दिसणारा लाल एलईडी तयार केला, परंतु तेजस्वी निळा एलईडी हाती यायला 1990 चे दशक उजाडावे लागले, आणि त्या कामासाठी इसामू अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना 2014 चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. हा इतिहास येथे सांगण्याचे कारण असे की लाल आणि पांढरा हे केवळ रंगाने वेगळे दिवे नसून विजेच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि त्यांना एकच हिशेब लावल्यामुळे निम्मे घोटाळे होतात.

तारेचा जुना बल्ब तापला की त्याचा रोध वाढतो आणि तो आपली वीज आपणच आवरतो. एलईडीला हे जमत नाही. त्याचा ठरलेला दाब ओलांडून थोडे जरी पुढे गेले तरी प्रवाह भरमसाट वाढतो आणि दिवा जळतो. म्हणून त्याच्या वाटेत रेझिस्टर बसवावा लागतो. पाटाच्या तोंडाशी दार बसवून शेतात हवे तेवढेच पाणी सोडावे, तसे हे काम आहे.

हे दार किती उघडे ठेवायचे याचा हिशेब एका ओळीचा आहे: पुरवठ्याच्या दाबातून एलईडीचा दाब वजा करावा आणि उरलेल्या दाबाला हव्या असलेल्या प्रवाहाने भागावे. साध्या 3 किंवा 5 मिलिमीटरच्या एलईडीची मर्यादा बहुधा 20 मिलिअँपिअर असते. 15 धरून चालले तर उजेड भरपूर पडतो आणि दिवा टिकतो. बीईसी 6 व्होल्टचा असेल, तर पांढऱ्यासाठी 6 उणे 3 म्हणजे 3 व्होल्ट उरतात, आणि त्याला 0.015 अँपिअरने भागले की 200 ओहम येतात. बाजारात सहज मिळणारी पुढची किंमत 220 ओहम आहे, तीच घ्यावी. लाल दिव्यासाठी 4 व्होल्ट उरतात, भागाकार 267 येतो, म्हणून 270 ओहम घ्यावेत. बीईसी 5 व्होल्टचा असेल तर याच रीतीने पांढऱ्याला 150 आणि लालला 220 ओहम येतात. यांपैकी कोणत्याही रेझिस्टरवर दहावा भाग वॅटसुद्धा खर्च होत नाही, त्यामुळे पाव वॅटचे नेहमीचे रेझिस्टर पुरेसे आहेत. टीव्ही-रेडिओ दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडे हे सुटेही मिळतात. चार पट्ट्यांच्या रेझिस्टरवर 150 ओहमसाठी तपकिरी-हिरवा-तपकिरी, 220 साठी लाल-लाल-तपकिरी आणि 270 साठी लाल-जांभळा-तपकिरी असे पट्टे असतात, आणि चौथा पट्टा बहुधा सोनेरी असतो. रेझिस्टर दिव्याच्या कोणत्या टोकाला लावावा, असा प्रश्न नवखे लोक हमखास विचारतात. कोणत्याही टोकाला लावला तरी चालतो, कारण एकामागोमाग जोडलेल्या भागांतून सारखाच प्रवाह वाहतो.

एलईडीची दिशा मात्र चुकवून चालत नाही. लांब पाय धन बाजूचा असतो. पाय कापलेले असतील तर दिव्याच्या कडेचा चपटा भाग पाहावा, तो ऋण बाजू दाखवतो. उलटा जोडलेला दिवा नुसता लागत नाही एवढेच होते असे समजू नये. बहुतेक एलईडी उलट दिशेने 5 व्होल्टपर्यंतचाच दाब सहन करतात. भरलेल्या लिपोवर थेट उलटा जोडला तर तो मरूही शकतो.

एकत्र जोडताना

काटकसर म्हणून दोन दिव्यांना मिळून एकच रेझिस्टर लावण्याचा मोह होतो. दोन्ही दिवे शेजारी-शेजारी, म्हणजे समांतर जोडलेले असतील, तर हा मोह आवरावा. एकाच पाकिटातल्या दोन एलईडींचेही दाब तंतोतंत जुळत नाहीत, आणि ज्याचा दाब किंचित कमी तो जास्त प्रवाह खेचतो. त्यातही एक लाल आणि एक पांढरा असे एका रेझिस्टरवर समांतर जोडले, तर लाल दिवा दाब 2 व्होल्टच्या आसपास धरून ठेवतो, पांढऱ्याला लागणारे 3 व्होल्ट मिळतच नाहीत आणि तो अजिबात लागत नाही. दिवा खराब निघाला असे समजून लोक तो बदलतात, आणि नवाही लागत नाही. दिव्यागणिक एक रेझिस्टर हा नियम पाळला की हा प्रश्नच उद्भवत नाही.

दिवे एकामागोमाग जोडले तर एक रेझिस्टर पुरतो, पण तेथे वेगळी अडचण उभी राहते आणि ती समजून घेण्यासारखी आहे. दोन पांढरे दिवे एकामागोमाग जोडून 180 ओहमच्या रेझिस्टरमार्फत थेट दोन सेलच्या लिपोवर लावले असे समजू. बॅटरी भरलेली असताना 8.4 मधून दिव्यांचे 6 व्होल्ट गेले की 2.4 उरतात व प्रवाह सुमारे 13 मिलिअँपिअर होतो. दिवे झकास दिसतात. बॅटरी 6.6 पर्यंत उतरली की उरतात अवघे 0.6 व्होल्ट, आणि कागदावरच्या हिशेबाने प्रवाह 3 मिलिअँपिअरवर येतो. खेळाच्या शेवटी, म्हणजे नेमका अंधार दाटल्यावर, हेडलाइट मलूल होण्याचे कारण हेच. तोच एक दिवा एकटा 390 ओहमवर लावला, तर प्रवाह 14 वरून 9 पर्यंतच उतरतो. रेझिस्टरच्या वाट्याला जितका जास्त दाब येईल तितका उजेड स्थिर राहतो, आणि त्याची किंमत वाया जाणाऱ्या विजेत मोजावी लागते. बीईसीच्या स्थिर विजेवर हा प्रश्नच पडत नाही, म्हणून साध्या दिव्यांसाठी माझी पसंती तिलाच आहे.

ब्रेक मारला हे दिव्याला कसे कळते

नुसते कायम जळणारे दिवे हवे असतील तर काम येथेच संपते. परंतु ब्रेकला लाल दिवा उजळावा, मागे जाताना पांढरा लागावा आणि वळताना इंडिकेटर लुकलुकावा असे वाटत असेल, तर दिव्यांना रिमोटची आज्ञा वाचता आली पाहिजे. सर्व्होच्या तीन तारांपैकी काळी किंवा तपकिरी तार ऋण, मधली लाल तार धन आणि पांढरी, पिवळी किंवा नारिंगी तार संदेशाची असते. या संदेशाच्या तारेवर सेकंदाला साधारण 50 वेळा एक छोटा विद्युत ठोका येतो. ठोका 1.5 मिलिसेकंद लांबीचा असेल तर चाक सरळ किंवा गाडी थांबलेली असा अर्थ होतो. लांबी 1 आणि 2 मिलिसेकंदांच्या दिशेने कमी-जास्त झाली की डावे-उजवे किंवा पुढे-मागे. बाजारात मिळणारा दिव्यांचा कंट्रोलर हीच तार वाय आकाराच्या जोडणीने उसनी घेतो, ठोक्याची लांबी मोजतो आणि त्यानुसार दिवे लावतो. तिसऱ्या चॅनेलचे बटण असलेला रिमोट असेल तर हेडलाइट बसल्या जागेवरून चालू-बंद करता येतात.

यातला नाजूक भाग ब्रेक आणि रिव्हर्स यांच्यातला आहे. बहुतेक ईएससींमध्ये ट्रिगर, म्हणजे रिमोटवरचा वेगाचा खटका, पहिल्यांदा मागे ढकलला की ब्रेक लागतो. तो मध्यावर आणून पुन्हा ढकलला तरच गाडी मागे जाते. दोन्ही वेळा संदेशाचा ठोका अगदी सारखा असतो. त्यामुळे कंट्रोलरला आधी काय घडले हे लक्षात ठेवून तर्क करावा लागतो. उलट, दगडांवरून हळू चढणाऱ्या क्रॉलर प्रकारच्या गाड्यांमध्ये ट्रिगर मागे घेताच थेट रिव्हर्स लागतो. कंट्रोलर एका पद्धतीसाठी लावलेला आणि ईएससी दुसऱ्या पद्धतीचा असेल, तर दिवे सतत खोटे बोलतात. कंट्रोलर सदोष आहे असे ठरवण्यापूर्वी ईएससी कोणत्या पद्धतीवर ठेवला आहे हे पाहावे. इंडिकेटरची तर्‍हा आणखी गमतीची आहे: खऱ्या गाडीत इंडिकेटर वळण्यापूर्वी देतात, येथे मात्र चाक वळल्यावरच कंट्रोलरला ते कळते. हे ढोंग निमूटपणे चालवून घ्यावे लागते. लुकलुकण्याची गती मात्र खरी ठेवता येते. रस्त्यावरच्या वाहनांसाठी ती मिनिटाला 60 ते 120 अशी ठरलेली आहे.

अर्डुइनो नॅनोसारख्या, प्रोग्राम लिहून चालवायच्या छोट्या इलेक्ट्रॉनिक फळीवर हा कंट्रोलर घरीही करता येतो. ठोका मोजण्यासाठी लागणारी आज्ञा त्यात तयारच असते. मध्याच्या दोन्ही बाजूंना 0.05 मिलिसेकंदाची सूट ठेवावी, नाहीतर ट्रिगर सोडलेला असतानाही ब्रेकचा दिवा थरथरतो. नॅनोच्या एका पिनमधून 20 मिलिअँपिअरपेक्षा जास्त प्रवाह घेऊ नये. म्हणजे एका पिनवर एकच दिवा. दोन-तीन दिवे एकत्र लावायचे असल्यास मध्ये बीसी547 हा ट्रान्झिस्टर, म्हणजे विजेच्या इशाऱ्यावर चालणारा छोटा स्विच, घालावा, तो 100 मिलिअँपिअरपर्यंत सांभाळतो.

मागचा दिवा आणि ब्रेकचा दिवा एकाच लाल एलईडीत बसवण्याची रीत मला विशेष आवडते. त्या एलईडीला दोन वाटांनी वीज द्यायची: मागच्या दिव्याची वाट एक हजार ओहमच्या रेझिस्टरमधून आणि ब्रेकची वाट 220 किंवा 270 ओहममधून. पहिल्या वाटेने 3-4 मिलिअँपिअर येतात व दिवा मंद तेवतो. ब्रेकची वाट खुली झाली की तोच दिवा भडक होतो. आपला डोळा प्रवाहाच्या प्रमाणात उजेड मोजत नाही, म्हणून चौपट-पाचपट फरक ठेवला तरच तो लांबून नजरेत भरतो. ब्रेकच्या वाटेवर दुसराही एखादा दिवा असेल, तर मागच्या दिव्याची वीज उलट्या रस्त्याने त्याच्यापर्यंत पोहोचून तोही मंद पेटू शकतो. त्या वाटेत एक छोटा डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, घातला की ही गळती थांबते.

बॉडीवरचे काम

बॉडी बहुधा पारदर्शक पॉलिकार्बोनेटची असते आणि तिला रंग आतून दिलेला असतो. रंगाचा थर पातळ असल्यामुळे मागे उघडा एलईडी ठेवला की हेडलाइटसोबत सगळे बॉनेटच आतून उजळते, आणि ते फार ओंगळ दिसते. आतून काळा किंवा चंदेरी रंगाचा आणखी एक हात द्यावा, आणि दिव्याभोवती काळ्या हीट श्रिंक नळीचा (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीचा) तुकडा चढवावा. नवी बॉडी रंगवायची असेल तर हेडलाइटच्या काचा रंग देण्यापूर्वीच मास्किंग टेपने झाकून ठेवाव्यात. नंतर थिनरने रंग पुसण्याचा प्रयत्न केल्यास पॉलिकार्बोनेटच धुरकट होते व तडकते. फेविक्विकसारख्या गोंदाच्या वाफेनेही स्वच्छ काचेवर पांढुरका थर जमतो, तेव्हा तो काचेजवळ वापरू नये. ग्लू गनचा गोंद सोयीचा आहे, काढताही येतो, पण उन्हात उभ्या केलेल्या बंद चारचाकीत तो मऊ पडून दिवे निखळतात. बुटांना लावण्याचा लवचिक गोंद अधिक भरवशाचा ठरतो.

भोकासाठी निमुळता रीमर (भोक मोठे करण्याचे हत्यार) हाताने फिरवावा आणि दिवा घट्ट बसेपर्यंतच पुढे जावे. भोक गोलच हवे. कोपरा राहिला की पहिल्याच धडकेत तेथून चीर सुरू होते.

आकाराचाही विचार करावा. जुन्या जीपचा गोल हेडलाइट 7 इंचांचा, म्हणजे सुमारे 178 मिलिमीटरचा असतो. एकास दहा प्रमाणात तो जवळजवळ 18 मिलिमीटर होतो. 5 मिलिमीटरचा एलईडी तेथे नुसता टोचला तर गाडीला डोळ्याऐवजी बाहुलीच तेवढी आहे असे दिसते. त्यामागे चकचकीत वाटी आणि पुढे काच हवी. मागच्या लाल दिव्याचे टोक बारीक पॉलिश पेपरने घासले तर प्रकाश चोहीकडे पसरतो व दिवा बाजूनेही दिसतो. जुन्या धाटणीच्या गाडीला निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळट पांढरा एलईडी शोभतो. गाडीच्या पोटाखाली निळे-जांभळे दिवे लावण्याची हौस पुष्कळांना असते. ज्याची त्याची आवड, पण त्या झगमगाटात गाडीचा घाट दिसेनासा होतो असे माझे मत आहे.

तारा 26 किंवा 28 गेजच्या सिलिकॉन वेष्टनाच्या घ्याव्यात आणि त्या गिअर, शाफ्ट व चाकांपासून दूर बांधाव्यात. रिसिव्हरच्या अँटेनाच्या टोकाचा उघडा, साधारण 3 सेंटिमीटरचा भाग कोणत्याही तारेला समांतर चिकटून ठेवू नये, 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरींसाठी अँटेनाचा तेवढाच भाग काम करतो. बॉडी काढताना तारा तुटू नयेत म्हणून चासी आणि बॉडी यांच्यामध्ये एक पिन हवीच. गोंद लावण्यापूर्वी प्रत्येक दिवा लावून पाहावा, हे सांगायला नको. कृष्णाकाठची काळी माती ओली असताना सोल्डरच्या जोडावर बसली की तो हळूहळू गंजतो, त्यामुळे उघडे जोड स्लीव्हने झाकून त्यावर पारदर्शक नेलपॉलिशचा एक थर द्यावा.

उसाच्या ट्रॉलीचा प्रश्न

आपल्या भागात आरसी ट्रॅक्टरला उसाची ट्रॉली जोडण्याची हौस असणे स्वाभाविक आहे. गळीत हंगामात वाळवा, पलूस, कडेगाव या बाजूला रात्री निघालेल्या माणसाला एका ट्रॅक्टरमागे दोन ट्रॉल्या, वर उसाचा डोंगर आणि मागे दिव्याचा पत्ता नाही, हे दृश्य चांगलेच परिचयाचे असते. छोट्या ट्रॉलीला तरी दिवे द्यायचे, तर एक सामाईक तार, मागच्या दिव्याची एक, ब्रेकची एक आणि डाव्या-उजव्या इंडिकेटरच्या दोन, अशा पाच तारा जोडापलीकडे न्याव्या लागतात. सर्व्होच्या पिनेत तीनच तारा बसतात, म्हणून सहा टोकांची पिन घ्यावी. दोन ट्रॉल्या असतील तर एका बाजूच्या इंडिकेटरवर ट्रॅक्टरचे पुढचा-मागचा धरून दोन आणि ट्रॉल्यांचे दोन असे चार दिवे येतात. 60 मिलिअँपिअरचा हा भार नॅनोच्या पिनेला पेलवत नाही, पण बीसी547 तो आरामात वाहतो. रेझिस्टर ट्रॉलीतच, दिव्यालगत ठेवावेत, म्हणजे कोणतीही ट्रॉली कोणत्याही ट्रॅक्टरला लावता येते. आणि पिनेचे मादी टोक नेहमी ट्रॅक्टरच्या बाजूला असावे, कारण ट्रॉली सोडल्यानंतरही वीज त्याच बाजूला राहते, आणि उघडे नर टोक हुकाच्या लोखंडाला टेकले की बीईसी शॉर्ट होतो.